पंधरा दिवसांचा समुपदेशक

‘समुपदेशन म्हणजे शेवटी काय, तर समोरच्याचं ऐकून घेणं. त्याला एम.ए. कशाला पाहिजे?’ हे वाक्य सध्या आमच्या यावल-रावेर भागात जोरात आहे. शिक्षणसंस्थांच्या बैठकांत ते चहाबरोबर येतं, स्टाफरूममध्ये माना डोलतात, आणि एखाद्या व्याख्यानमालेच्या अध्यक्षीय समारोपात त्याला माणुसकीची झालरही लागते. म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सज्जन असतो. म्हणूनच त्याचं म्हणणं तपासून बघायला हवं. लबाडाचं बोलणं लोक आपोआपच निम्म्यानं घेतात, सज्जनाचं पूर्ण घेतात.

या वाक्याला भाव आला तो २०२५च्या जुलैनंतर. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. २५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यातलं एक असं, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्याचा तज्ज्ञ नेमावा, आणि त्याचं बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण झालेलं असावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात १,७६४ महाराष्ट्रातले होते, म्हणजे राज्यांच्या यादीत आपण पहिले.

आता फैजपूर, सावदा, न्हावी, यावल, रावेर या पट्ट्यात शंभरापेक्षा कमी विद्यार्थ्यांचं महाविद्यालय शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. म्हणजे नेमणूक करणं आलं. मग सुरू झाली ती नेहमीची धावपळ. ज्याचा तासिकाभार कमी, त्याच्या गळ्यात घंटा. एका रिकाम्या खोलीवर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी, आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या वर्षीच्या युवक महोत्सवाचं उरलेलं सामान. ज्यांच्या गळ्यात घंटा पडली त्या सरांनी किंवा मॅडमनी ऑनलाइन पंधरा दिवसांचा कोर्स करायचा, प्रमाणपत्र छापून घ्यायचं, फाइलला लावायचं. पी हळद अन् हो गोरी. आणि कोणी विचारलंच, तर वरचं वाक्य तयार आहे.

त्याच निकालात आणखी एक तत्त्व आहे, ते मात्र कोणी वाचून दाखवत नाही. अध्यापक आणि शिक्षकेतर अशा सगळ्याच कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, असं न्यायालय म्हणतं. म्हणजे न्यायालयानं दोन कामं वेगळी ठेवली आहेत. प्रथमोपचार सगळ्यांना यावेत; समुपदेशक मात्र पात्रता असलेलाच हवा. आपण पहिल्याच्या पंधरा दिवसांत दुसरं उरकायला निघालो आहोत.

तरीही ‘ऐकून घेणं’ वाल्यांचं म्हणणं नीट मांडू. ते म्हणतात, समुपदेशन हे काही हृदयाचं ऑपरेशन नव्हे. चांगला शिक्षक ते पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. ते म्हणतात, गोव्यात साध्या लोकांना थोडं शिकवून नैराश्याचे रुग्ण बरे करून दाखवले, मग आमच्याकडे का नाही? ते असंही म्हणतात, की आपल्या गावात माणूस एकटा नसतो. घर आहे, भावकी आहे, भजनी मंडळ आहे. आणि शेवटी पैशाचं: एम.ए. झालेली मुलं पुण्याला पळतात, इथे थांबतं कोण?

पहिल्यापासून सुरुवात करू. समजा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सरांकडे येतो. जूनच्या वादळात बापाची निसवलेली केळी आडवी झाली आहे. पंचनाम्याचा घोळ चालू आहे, सोसायटीचं कर्ज थकलं आहे. मुलगा म्हणतो, ‘सर, मले काही गोड लागत नही. रात्री झोप येत नही.’ सर प्रेमळ आहेत. त्याला बसवतात, पाणी देतात, शेवटपर्यंत ऐकतात. मग म्हणतात, ‘अरे, बापाकडे बघ. त्यानं अशी किती वादळं पाहिली. तूच हिंमत सोडलीस तर त्यानं कोणाकडे बघायचं?’ मुलगा मान हलवतो, पाया पडतो, निघून जातो. सरांना वाटतं, पोरगं मोकळं झालं.

पोरगं मोकळं झालेलं नाही. बापाचं ओझं डोक्यावर होतंच, त्यात ‘तू खचायचं नाहीस’ हे नवं ओझं घेऊन ते बाहेर पडलं आहे. सरांनी ऐकलं, पण विचारलं काहीच नाही. झोप कधीपासून गेली? पहाटे जाग येते की मुळात डोळाच लागत नाही? जेवण? परीक्षेला बसणार का? दारूला सुरुवात झाली आहे का? घरात याआधी कोणी जिवाचं काही करून घेतलं होतं का? आणि ज्या प्रश्नाला सगळे घाबरतात तो: ‘मरून जावं, असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर काय करायचं ठरवलं आहे, कधी, आणि घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतात, त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते.

शेवटचा प्रश्न वाचून कोणाला तो फौजदारी वाटेल. आमच्यासारख्या भागात तो जीव वाचवणारा प्रश्न आहे. मरणाची अनिवार ओढ बहुधा फार वेळ टिकत नाही. त्या घडीला हाताशी काय आहे, यावर पुढचं ठरतं. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि १९९५नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं कमी झाली नव्हती, बाटली लांब गेली होती. केळीच्या मळ्यातल्या खोलीत, नाहीतर घराच्या ओट्यावर खताच्या गोण्यांशेजारी उघडी पडलेली बाटली एखाद्या काकाच्या घरी कुलपात जावी, एवढी व्यवस्था त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लावणं हे समुपदेशकाचं काम आहे. ते गोड बोलण्यात येत नाही.

‘असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू,’ ही भीती अभ्यासानं खोटी ठरवली आहे. विचारल्यानं धोका वाढत नाही, बहुतेकदा माणूस हलका होतो. पण हे वाचून कळलं म्हणून तोंडातून प्रश्न येत नाही. पहिल्यांदा विचारताना आवाज बदलतो, नजर टेबलावर जाते, आणि प्रश्न ‘तसलं काही मनात नाही ना?’ असा बाहेर पडतो. याचं उत्तर ‘नाही’च येणार. तो प्रश्न शांतपणे, सरळ, डोळ्यांत बघून विचारता येण्यासाठी वर्गमित्राला समोर बसवून पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. मग खऱ्या माणसाला, जाणत्याच्या देखत. मग त्या जाणत्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं, की बाई, तुम्ही पाचव्या मिनिटाला घाबरलात आणि विषय बदललात. पदव्युत्तर प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः हे. फ्रॉइड कधी जन्मला ते नव्हे.

दुसरा प्रसंग. अकरावीतली सोळा वर्षांची मुलगी येते आणि म्हणते, ‘मॅडम, कोणाला सांगणार नसाल तर सांगते.’ मॅडम मायाळूपणानं शब्द देतात. मुलगी सांगते, नात्यातला एक माणूस दोन वर्षांपासून तिला त्रास देतो. आता? २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे ही माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे. मॅडमनी शब्द पाळला तर कायदा मोडतो, कायदा पाळला तर मुलीचा उरलासुरला विश्वास मोडतो. शिकलेला समुपदेशक पहिल्या भेटीतच, काही ऐकण्याआधी, गुप्ततेची हद्द सांगतो: तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्यावर कोणी अत्याचार करत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि ते तुला विचारात घेऊन सांगेन. दोन वाक्यं आहेत. ती आधी म्हणायची असतात, हे ठाऊक नसलं की चांगुलपणाच अंगाशी येतो, आणि तो मॅडमपेक्षा मुलीच्या जास्त अंगाशी येतो.

आता गोवा. हा समोरच्या बाजूचा हुकमाचा एक्का, आणि तो खरा आहे म्हणून त्याकडे जास्त वेळ द्यायला हवा. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था काढली. तिच्या ‘मानस’ या प्रयोगात २४ दवाखाने घेतले होते, १२ सरकारी आणि १२ खासगी. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून तिथे समुपदेशक म्हणून बसवलं. निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत समुपदेशन मिळालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत सावरले. न मिळालेल्यांत हे प्रमाण ४२.५ टक्के होतं. पुढे २०१७मध्ये त्याच मंडळींनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरची सहा ते आठ बैठकांची पद्धत तपासली, तीही कामाला आली. जगभर या प्रयोगांची वाहवा झाली आणि ती रास्त आहे.

पण आमच्या बैठकांत हा दाखला देणारे अर्धाच देतात. खासगी दवाखान्यांत ‘मानस’चा फरक दिसलाच नाही, हे ते सांगत नाहीत. ते जाऊ दे. दुसऱ्या प्रयोगातल्या ‘साध्या लोकां’ना किती शिकवलं? तीन आठवड्यांची कार्यशाळा आणि त्यानंतर सहा महिन्यांची उमेदवारी. उमेदवारी संपली म्हणून खुर्ची मिळाली नाही, कौशल्याच्या कसोटीवर उतरावं लागलं. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावरही बैठकांचं ध्वनिमुद्रण होत होतं, आठवड्याच्या सभेत ते ऐकलं जात होतं, सहकारी एकमेकांना गुण देत होते, वर तज्ज्ञ होते. ‘मानस’मध्ये मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी होता. आणि या समुपदेशकांकडे काम किती आखीव होतं बघा: ठरावीक तक्रार, ठरावीक पद्धत, ठरावीक बैठका, रुग्णाची चाळणी आधी झालेली. आमच्या महाविद्यालयातल्या खोलीत चाळणी कोण करणार? तिथे परीक्षेच्या भीतीनं रडणारी येते, दारुड्या बापाला कंटाळलेला येतो, जातीबाहेर प्रेम जमलेली येते, आणि कधी असा एक मुलगा येतो ज्याला कानात बायांची कुजबुज ऐकू येते आणि तो ते कोणाला सांगत नाही, फक्त म्हणतो, ‘अभ्यासात लक्ष लागत नही.’ पहिल्या तिघांना बोलणं हवं. चौथ्याला या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध हवं, उशीर झाला तर त्याचं आयुष्य वाया जाईल. चौघंही सुरुवातीला एकच वाक्य म्हणतात. कोण कोणता, हे ओळखायला सगळा विषय यावा लागतो.

गोव्यानं पदवीशिवाय काम होतं हे दाखवलं. देखरेखीशिवाय होतं हे कुठेही दाखवलं नाही. मग मला उलट विचारू द्या. जळगाव जिल्ह्यात असे पन्नास साधे समुपदेशक उद्या उभे केले, तर त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकणार कोण? सरकारची चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशात एक नाही. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी २०१५मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ निघाला तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांपुरता. केळी आणि कापूस पिकवणारा खानदेश त्यात बसला नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं, की निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. साध्या माणसांकडून काम करून घ्यायचं असेल, तर त्यांच्या मागे उभी राहणारी शिकलेली माणसं आधी इथे हवीत. म्हणजे गोव्याचा धडा घ्यायचा तर इथे पदव्युत्तर प्रशिक्षण वाढवायला हवं. आपण तो बंद करायला वापरतो आहोत.

भावकी आणि भजनी मंडळाबद्दल फार बोलत नाही. टाळ कुटून मन हलकं होतं, याबद्दल वाद नाही. पण ज्या सुनेची तक्रारच सासरबद्दल आहे तिला ‘घरात बोल’ म्हणणं ही चेष्टा आहे.

उलट या ‘आपल्या माणसां’मुळे इथल्या समुपदेशकाचं काम शहरापेक्षा अवघड होतं. लेवा पाटीदार समाजात फैजपूर ते भुसावळ कोणीही दोन पिढ्या मागे गेला की सोयरा निघतो. समुपदेशक बाईंकडे आलेली मुलगी त्यांच्या नणंदेची पुतणी असते. जिच्याबद्दल ती बोलते आहे ती सासू रविवारी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसते आणि विचारते, ‘आमची निशा तुमच्याकडे येते म्हणे?’ परदेशी पाठ्यपुस्तक सांगतं, नात्यातल्याला घेऊ नका. सोपं आहे, न्यूयॉर्कमध्ये. इथे तो नियम पाळला तर खोलीला कुलूप लावावं लागेल. मग कोणाला घ्यायचं, कोणाला भुसावळच्या सहकाऱ्याकडे पाठवायचं, पंगतीत काय उत्तर द्यायचं, खोलीचं दार कुठे असावं म्हणजे आत कोण गेलं हे कॅन्टीनमधून दिसणार नाही, नोंदवही कोणाच्या कपाटात राहील, आणि प्राचार्यांनी ‘जरा दाखवा’ म्हटलं तर नकार कसा द्यायचा, हे सगळं शिकण्याचे विषय आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याच्या कलम ११५नं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेतून सोडवलं. तरीही अजून ‘चुकून पोटात गेलं’ असंच सांगणारे नातेवाईक आपण बघतो, कारण पोलिसांची भीती गेलेली नाही. त्यांना हे कोण सांगणार? ज्याला स्वतःला ठाऊक आहे तो.

आणि एक गंमत बघा. केळीवर करपा आला, तर आमचा शेतकरी शेजाऱ्याच्या सल्ल्यावर थांबत नाही. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात जातो, जळगावच्या केळी संशोधन केंद्रात विचारतो, पान घेऊन जातो, तज्ज्ञ सांगेल ते फवारतो. त्याला तिथे ‘झाडावर प्रेम असलं की पुरे’ असं कोणी सांगून बघावं. पोराच्या मनाची गोष्ट आली, की मात्र प्रेम पुरतं.

इथवर वाचून एम.ए. झालेली मंडळी खूश झाली असतील. त्यांच्याशीही थोडं भांडायचं आहे, कारण ‘एम.ए. कशाला’ या वाक्याला बळ त्यांच्याच पदवीनं दिलं आहे. आपल्याकडे मानसशास्त्राचं एम.ए. अनेक ठिकाणी एकाही दुःखी माणसासमोर न बसता पूर्ण होतं. प्रात्यक्षिक म्हणजे वर्गमैत्रिणीला बुद्धिमत्ता चाचणी द्यायची, गुण काढायचे, आकृती काढून जर्नल भरायचं. बहिःस्थ परीक्षक जेवून सही करून जातात. दोन वर्षांनी मुलीच्या हातात पदवी आणि मनात धाकधूक. अमेरिकेत मान्यताप्राप्त समुपदेशन अभ्यासक्रमात पदवीपूर्वी १०० तासांचा सराव आणि ६०० तासांची प्रत्यक्ष उमेदवारी लागते, तीही देखरेखीखाली. परवान्यासाठी त्यानंतर हजारो तास वेगळे. ब्रिटनमध्ये तिथली समुपदेशकांची संघटना किमान १०० तासांचं देखरेखीखालचं काम मागते. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे. पण ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आजवर कोणीही लावत आला. २०२१च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं, ही चांगली सुरुवात झाली. त्याची धग अजून आमच्या बाजारपेठेपर्यंत आलेली नाही.

त्याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केलं, की मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवता येणार नाहीत. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. माणसासमोर बसायची विद्या पोस्टानं येत नाही. पण फैजपूरहून बघितलं की या निर्णयाची दुसरी बाजू दिसते. गेली काही वर्षं आमच्या भागातल्या कितीतरी लग्न झालेल्या मुली इग्नूचं एम.ए. करत होत्या. लेकरू लहान, सासरे आजारी, जळगावला रोज जाणं-येणं अशक्य. त्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक होतं, इंटर्नशिपही होती. ती नीट झाली की नाही हा प्रश्न रास्त आहे, पण तोच प्रश्न नियमित महाविद्यालयांना कोणी विचारला? जर्नल भरणाऱ्यांना अभय आणि टपाल लावणाऱ्यांना बंदी, असा हा न्याय झाला. दार बंद करायचं तर शेजारचं उघडावं लागतं. यावल किंवा रावेरच्या बाईला घरून जाऊन-येऊन शिकता येईल असं, खऱ्या रुग्णांसह, समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण खानदेशात उभं करा, मग दूरस्थ शिक्षणाबद्दल बोला.

‘पैसा कुठून आणायचा, माणसं कुठून आणायची?’ हा प्रश्न मी टाळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ४ श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण आधीच आहे. ३० तासांचा एक श्रेयांक धरला तर १२० तास. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठानं मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे हे तास रुग्णालयांत, देखरेखीखाली, खऱ्या माणसांसमोरच झाले पाहिजेत, असा नियम करावा. १९८८पासून धुळ्याला आणि २०१८पासून जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मनोविकार विभागाशी करार करायला नवा कायदा लागत नाही, दोन सह्या लागतात. यावल-रावेरच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस हे विद्यार्थी बसू शकतात. रुग्ण बोलेल ती लेवा बोली, तडवींची किंवा पावऱ्यांची भाषा त्यांच्यातल्या कोणाला तरी घरचीच असेल. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाला ती दुभाष्यावाचून कळणार नाही.

पदवीधर पुण्याला पळतात, कारण इथे त्यांना ११ महिन्यांचा करार आणि तासिकेचा दर दिला जातो. पद द्या, मग बघू कोण पळतं. एका महाविद्यालयाला पूर्ण पगाराचा समुपदेशक झेपत नसेल, तर फैजपूर-सावदा-न्हावीच्या चार संस्थांनी मिळून एक नेमावा, दिवस वाटून घ्यावेत. केळीची गाडी भरायला आपण एकत्र येतो, साखर कारखाना काढायला एकत्र आलो होतो. यात एक अडचण आहे, ती मी सांगून टाकतो: चार संस्थांचे चार अध्यक्ष एका टेबलावर बसत नाहीत. ती अडचण मानसशास्त्राची नाही.

‘खेड्यासाठी एवढं पुरे’ ही भाषा फैजपुरात तरी चालू नये. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६मध्ये इथे भरलं. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. नेहरू अध्यक्ष होते. बांबू-तट्ट्यांचा मंडप उभारायला गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. सामान गावातलंच होतं, हात मात्र देशातला पहिल्या प्रतीचा. शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि साऱ्याचा विचार करणारा कृषी कार्यक्रम याच अधिवेशनात मंजूर झाला. खेड्यात आहे म्हणून हलकं चालेल, असं तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं.

राहिले पालक. यंदा प्रवेश घेताना प्रॉस्पेक्टसमध्ये ‘समुपदेशन सुविधा उपलब्ध’ अशी ओळ दिसेल. त्या ओळीवर थांबू नका. कार्यालयात जाऊन विचारा, की समुपदेशक कोण आहेत, काय शिकल्या आहेत, किती तास प्रत्यक्ष माणसांसमोर बसून शिकल्या आणि कोणाच्या देखरेखीखाली, आणि अवघड केस आली तर त्या कोणाला फोन करतात. उत्तर लेखी मागा. पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र पुढे आलं, तर सौजन्यानं सांगा, की हे प्रथमोपचाराचं आहे, समुपदेशकाचं दाखवा. आणि तोवर घरात कोणाची रात्र जड जात असेल, तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.